सूर सांभाळायचे किती?

तुळशीची लग्नं उरकली की पहिला फोन येतो. यंदा तो सोमवारी सकाळी सव्वादहाला आला. बाई हातखंब्याच्या होत्या. मुलाचं लग्न वैशाखात, कार्यालय नाचणे गावाच्या रस्त्यावरचं. "तुम्ही किती घेता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, "साडेसात हजार. मुहूर्ताच्या दोन तास आधीपासून दुसरी पंगत उठेपर्यंत. टेम्पोचं भाडं त्यातच." पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. "ह्यांना विचारून कळवते," बाई म्हणाल्या. साडेअकराला त्यांनी कळवलं. ठरलं.

एवढं बोलायला मला चार लग्नसराया लागल्या. त्यांतली चौथी मी विसरलेलो नाही. विसरावी असं वाटतही नाही.

आमच्याकडे सराई दोनदा येते. एक मार्गशीर्षात, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते तेव्हा. दुसरी वैशाखात. खरी सराई ही दुसरी, वर्षं मोजायची ती हिच्यावरूनच. मुंबईची मंडळी सुट्टीवर आलेली असतात, प्रत्येक घरात पाच माणसं जास्त. कातळ सकाळी नऊलाच तापतो. कार्यालयाच्या पत्र्याखाली बाराच्या मुहूर्ताला उभं राहिलं की गजरे डोक्यावरच शिजल्यासारखे वास सोडतात. मसालेभात, मठ्ठा, नव्या साड्यांची खळ आणि बाहेर उभ्या टेम्पोतल्या आंब्यांच्या खोक्यांचा पेंढा, या सगळ्यांचा मिळून एक वास असतो. तो वास आला की माझ्या बोटांना घाम येतो. कीबोर्डच्या पट्ट्या निसरड्या होतात, म्हणून मी मांडीवर टॉवेल ठेवतो. अक्षता स्टेजवरून उडतात आणि पट्ट्यांच्या फटीत जातात. ज्येष्ठात लग्नं संपली की कीबोर्ड उलटा करून स्क्रू काढायचे. आतून ओंजळभर लाल तांदूळ निघतात. माझी बायको वर्षा ते बघून सराई कशी गेली हे सांगू शकते.

त्याआधी अकरा वर्षं मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर होतो. आवृत्तीची पानं दुसऱ्या शहरात लागू लागली आणि आमचं टेबल गेलं. कीबोर्ड कॉलेजपासून हातात होता. मित्र दिनेश ढोलकी वाजवायचा. दोघांनी मिळून लग्नं घ्यायला सुरुवात केली, आणि घ्यायला सुरुवात केली म्हणजे आप्पांकडे गेलो.

आप्पा नाचणे रस्त्यावरच्या त्या कार्यालयाचे मालक. साठीचे, उंच, नेहमी पांढरा शर्ट. जेवण त्यांचं, मांडव त्यांचा, भटजी त्यांच्या ओळखीचे. गावातली निम्मी लग्नं त्यांच्या छपराखाली लागतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ते म्हणाले, "दर-बिर काय विचारतोस? तू घरचा. मी बघतो ना." आम्हाला बरं वाटलं. घरचा म्हटल्यावर आकडा काढणं ओशाळवाणं वाटतं, हे आप्पांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

लग्न लागलं, जेवणं झाली की आप्पा नारळावर पाकीट ठेवून देत. आपल्यात ते कपाळाला लावून पिशवीत टाकायचं असतं. देणाऱ्यासमोर उघडायचं नसतं. मी घरी येऊन उघडे. अठराशे. पुढच्या लग्नाला अठराशे. मे महिन्यातल्या एका लग्नाला पंधराशे आणि सोबत डझनभर डागी आंबे. बातमी लिहिताना मी कुणाचाही आकडा दोनदा विचारून घेतल्याशिवाय पुढे गेलो नव्हतो. स्वतःचा आकडा मात्र बंद पाकिटातून कळायचा, तोही घरी, पंख्याखाली.

आप्पांना एक हौस होती. कार्यालयातल्या प्रत्येक लग्नात पहिलं मंगलाष्टक ते म्हणत. मग मुलीकडचे, मुलाकडचे कोणी म्हणायचे ते म्हणत, आणि अधूनमधून आप्पा पुन्हा. अंतरपाट धरला की ते माइकजवळ येत, डोळे मिटत, उजवा हात छातीवर ठेवत. आवाज भारदस्त होता. लोक नंतर येऊन सांगायचे, "आप्पा, काय लावलात आज!" आप्पा मान झुकवून म्हणत, "देवाची देणगी. शिकलो कुठे?"

शिकले नव्हते हे खरं होतं. ते काळी चारमध्ये, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात, सुरू करत. पहिलं कडवं संपेपर्यंत अर्धा स्वर खाली, पांढरी पाचला आलेले असत. पुढच्याला काळी तीन. जिन्यावरून बसत बसत उतरणाऱ्या माणसासारखे. त्यांना स्वतःला ते कळत नसे, कारण मी त्यांच्याबरोबर उतरत होतो. कडवं संपलं, सगळे सावधान म्हणाले, अक्षता पडल्या की त्या गलक्यात मी डाव्या हाताने एक बटण दाबे आणि सगळा कीबोर्ड अर्ध्या स्वराने खाली येई. पुढचं कडवं आप्पा जिथे असतील तिथे मी आधीच बसलेला असे. कडव्याच्या मध्येच घसरले तर मधला स्वर सोडून देई, त्यांना पडायला जागा ठेवी, मग खाली भेटे. त्यासाठी त्यांच्या गळ्याकडे बघत राहावं लागे. श्वास कमी पडला की घसरणार, हे आधी गळ्यावर दिसतं.

प्रत्येक लग्नात माझं सगळ्यात अवघड काम हे होतं, आणि ते कोणाला दिसत नव्हतं. दिसलं असतं तर मी ते वाईट केलं असं झालं असतं.

दुसऱ्या सराईत आप्पांनी मला बाजूला घेतलं. "अरे, तुझ्या पेटीतच ढोलकी आहे ना? परवा ऐकली मी. मग दिन्या कशाला? दोन पानं, दोन पाकिटं. एकटा ये." मी घरी येऊन दिनेशला सांगितलं. तो हसला. "पेटीतली ढोलकी कोणाची आहे ते सांगितलंस का त्यांना?" नव्हतं सांगितलं. ती दिनेशची होती. त्याच्याच पडवीत एका दुपारी दोघांनी बसून रेकॉर्ड करून कीबोर्डमध्ये भरली होती, सरावासाठी. त्यानंतरच्या लग्नांत दिनेशला वगळून मी दिनेशचे हात वाजवले. त्यात आप्पांचा वाटा अर्धा. उरलेला अर्धा कोणाचा हे मला माहीत आहे.

दिनेश लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात लागला. खेडला खोली, कंपनीची बस, तीन पाळ्या. मी एकटा वाजवू लागलो. एकटा माणूस चौघांचं वाजवतो म्हणून लोकांना कौतुक वाटतं आणि एकटाच आहे म्हणून एकाचे पैसे द्यावेसे वाटतात. दोन्ही एकाच वेळी वाटतं, आणि त्यात काही विचित्र आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

चौथ्या सराईत, वैशाखाच्या सुरुवातीला, मंडणगडकडच्या एका मुलीचं लग्न होतं. वडील शेतकरी, हाताला माती असलेला, सरळ माणूस. जेवणं झाली, मी वायरी गुंडाळत होतो. ते आले.

"मास्तर, आजून तासभर वाजवा की. पोरं नाचतायत. पावनं खूश हायत."

"पुढच्या गावाला जायचंय दादा. जास्तीच्या तासाचे वेगळे पडतील."

त्यांचा चेहरा खरोखर गोंधळला. "वेगळे? संगीत फुकाट हाय ना? आप्पांनी सांगितलान. कागदावर पन तसांच लिवलान हाय."

त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. कार्यालयाचं छापील पत्रक. हॉल, मांडव, जेवणाचं ताट, भटजी, घोडा हवा असल्यास वेगळा आकार. शेवटच्या ओळीत: संगीत, मोफत.

"माजी काय तक्रार न्हाय," ते म्हणाले. "फुकाटच्या मानानं चांगला वाजिवलंत."

मी त्यांना तासभर वाजवून दिलं. त्यांचा दोष नव्हता.

तो कागद मला ओळखीचा होता. सराईआधी आप्पांनी त्याचा मजकूर माझ्या फोनवर पाठवला होता. "तू पेपरातला. वाईच नजर टाक, चुका काढ." मी नजर टाकली होती. नऊ चुका काढल्या होत्या. ऱ्हस्व-दीर्घ, दोन ठिकाणी जोडाक्षरं, एका ठिकाणी स्वल्पविराम. रात्रपाळीत हजार बातम्या तपासलेल्या डोळ्यांनी 'मोफत' हा शब्द बघितला. तो बरोबर लिहिलेला होता. मी पुढे गेलो. माझं नाव, माझे चार तास, माझी टेम्पोची फेरी आणि आप्पांचा गळा धरून जिना उतरणं, हे सगळं एका शब्दात बसवलेलं होतं, आणि तो शब्द माझ्या हाताखालून, माझ्या संमतीने छपाईला गेला होता.

राग यायला मला दोन दिवस लागले. डेस्कवरच्या माणसाला राग उशिरा येतो, आधी तो तपशील गोळा करतो. मी तीन जुनी पत्रकं मिळवली. तिन्हींवर मोफत. तीन वर्षं गावातल्या शेकडो घरांत, फडताळात, पत्रिकांच्या गठ्ठ्यात मी मोफत म्हणून पडून होतो. मला आठवू लागलं, लग्नघरचे लोक माझ्याशी कसे बोलायचे. "ए पेटी, जरा आवाज कमी." "मास्तर, जेवून घ्या, आहे शिल्लक." मला वाटायचं लोक असेच असतात. लोक तसे नव्हते. त्यांना किंमत सांगितली गेली होती, आणि ते तिच्याप्रमाणे वागत होते.

दर ठरवायला बसलो ती दुपार नीट आठवते. समोर माडाच्या झावळ्या हलत नव्हत्या. वर्षा कोकमं उन्हात घालून आली होती. मी टेम्पो, स्पीकर, वर्षातून एकदा करावी लागणारी दुरुस्ती, नव्या गाण्यांची तयारी, सराई नसलेले महिने, सगळं मांडलं. आकडा साडेपाचपर्यंत आला. मग मी त्यात दोन हजार घातले. ते कशाचे ते लिहिलं नाही. वर्षाने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "आप्पांचा गळा." ती म्हणाली, "मग त्यांनाच लाव. हातखंब्याच्या बाईने का द्यावेत?" हातखंब्याच्या बाई तेव्हा नव्हत्या अर्थात, ती कुणा दुसऱ्या गावाचं नाव घेऊन बोलली. पण मी ते दोन हजार ठेवले. सगळ्यांचेच गळे घसरतात. मावशांचे, मामांचे. मी सगळ्यांना सांभाळतो. फक्त आप्पांचं खातं मनात वेगळं काढून ठेवलं.

आकडा ठरवणं सोपं निघालं. म्हणणं अवघड. "साडेसात हजार," मी वर्षासमोर म्हटलं.

"शेवटी आवाज खाली गेला."

"साडेसात हजार."

"हजारला पुन्हा खाली. तू मागतोयस की माफी मागतोयस?"

अकरा वेळा म्हटलं. बाराव्यांदा ती म्हणाली, "हं. आता मी दिले असते."

त्याच आठवड्यात वेळणेश्वरहून एका हॉटेलवाल्या बाईंचा फोन आला. पुण्याचे पाहुणे येणार, संध्याकाळी समुद्रासमोर दोन तास जुनी गाणी हवीत. "तुमचा आकडा सांगा." मी सांगितला. "ठीक आहे, ॲडव्हान्स कुठे पाठवू?" बाईंनी श्वाससुद्धा घेतला नाही. फोन ठेवल्यावर आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की नऊ सांगायला हवे होते.

दिनेशला फोन केला. तो दुसऱ्या पाळीच्या बसची वाट बघत होता. मागे कुणीतरी जोरजोरात हसत होतं. "साडेसात?" तो म्हणाला. "मेल्या, हे दोन वर्षं आधी सुचलं असतं तर मी आत्ता इथे हेल्मेट घालून उभा असतो का?"

"रविवारी सुटी असते तेव्हा ये. दोघांचा वेगळा दर लावू."

"बोटं बघितलीयस माझी? केमिकलच्या ड्रमची झाकणं आवळून आवळून पोळीच्या लाटण्यासारखी झालीत. परवा भजनात बसलो. बुवा म्हणाले, दिनू, हळू मार, चामडं फाटेल." तो हसला, मीही हसलो. बस आली. जे गेलं ते कुठल्याच दराने परत मिळणार नव्हतं. तेव्हापासून माझ्या मनात आप्पांबद्दल जे होतं, त्याला मी राग म्हणत नाही. राग निवतो.

आप्पांना सांगायला गेलो तेव्हा ते मुदपाकखान्यात होते. तीन बायका खोबरं खवत होत्या, आचारी कढईशी उभा.

"आप्पा, मी दर ठरवलाय. साडेसात."

"साडेसातशे? अरे मी अठराशे देतो, कमी कशाला करतोस?" बायका हसल्या.

"साडेसात हजार."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग आचाऱ्याकडे. "ऐकलंस का रे? बटणं दाबायचे साडेसात हजार. ढोलकी पेटी वाजवते, बासरी पेटी वाजवते. हा बसतो. बसायचे साडेसात. तू दिवसभर उभा राहून दोन घेतोस, मूर्ख आहेस."

"आचाऱ्याचं जेवण पत्रकावर मोफत लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"ते लोकांना बरं वाटावं म्हणून असतं. आणि मजकूर तपासलास कोणी? तूच ना? तेव्हा तोंड शिवलं होतं?"

बायकांनी खवण्या थांबवल्या होत्या. आप्पांना ते दिसलं आणि त्यांनी आवाज मऊ केला. "हे बघ, पंधरा दिवसांवर अक्षयाचं लग्न आलंय. माझ्या मुलीचं. तिथे हे आकडे काढू नकोस. घरचं कार्य. पाकीटही नाही, नारळही नाही. घरचा म्हणून ये. बाकी मग बघू."

"बरं," मी म्हटलं. "घरचं तर घरचं. मोफत."

आप्पांनी पाठीवर थाप मारली. एवढ्या सहज मिळालं म्हणून ते खूश झाले. मोफत हा शब्द त्यांनी ठरवला होता. त्यात काय काय येतं हे ठरवणं माझ्याकडे राहिलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

अक्षयाच्या लग्नाला अख्खं गाव होतं. वकील, डॉक्टर, बागायतदार, आप्पांचे मुंबईचे भाऊ. कार्यालयाला नवा रंग, खांबांना केळी, पंख्यांनाही झेंडूच्या माळा. मी सकाळी नऊला पोचलो. पांढरा झब्बा घातला होता. स्पीकर लावले, नेहमीपेक्षा एक जास्त, माझ्या खर्चाने. सनई, स्वागताची गाणी, गौरीहराच्या वेळचं हळू संगीत, सगळं मन लावून वाजवलं. यात कसर ठेवली नाही. कसर ठेवली असती तर त्यांना नाव ठेवायला जागा मिळाली असती.

अंतरपाट धरला. आप्पा माइकपाशी आले, डोळे मिटले, हात छातीवर ठेवला. मी काळी चार दिली. पहिलं कडवं त्यांनी दमदार सुरू केलं आणि संपेपर्यंत पांढरी पाचला आले. सावधान. अक्षता उडाल्या. माझा डावा हात बटणापासून चार बोटांवर होता. तो तिथेच राहिला.

दुसऱ्या कडव्याला आप्पांनी तोंड उघडलं, आणि मी काळी चार वाजवली. मोठ्याने, स्वच्छ, जास्तीच्या स्पीकरमधून. अर्ध्या स्वराचं अंतर फार वाईट ऐकू येतं. पूर्ण चुकलेलं चालतं, अर्ध्याने चुकलेलं अंगावर येतं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. आप्पांनी डोळे उघडले. वर चढायचा प्रयत्न केला, गळा फाटला, पुन्हा खाली गेले, त्याहून खाली. मी हललो नाही. त्यांनी सुरुवात जिथे केली होती तिथेच बसून होतो. कोणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं, चूक दाखवा. कीबोर्डमध्ये चूक नव्हती. चार वर्षं जी झाकली होती ती चूक फक्त आता उघड्यावर उभी होती, स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या मांडवात.

मुंबईच्या मुलांपैकी कुणीतरी हसलं. एका बाईने त्याला गप्प केलं, म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. तिसऱ्या कडव्याला आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी नीट पाहून ठेवली आहे. त्यात दटावणी नव्हती. ते विचारत होते. पायाखालची पायरी कुठे गेली, असं. मी मान किंचित झुकवून स्वर दिला. काळी चार. आप्पा अर्ध्या ओळीवर थांबले. दोन क्षण नुसता कीबोर्ड वाजला. मग नवऱ्याच्या मामांनी पुढचं कडवं उचललं. बऱ्या गळ्याचा माणूस होता. तोही शेवटी थोडा घसरला, आणि मी त्याच्याबरोबर उतरलो.

अक्षयाचं लग्न त्यामुळे बिघडलं नाही. हार घातले, लोक जेवले, आंब्याचा रस दोनदा मागितला गेला. फोटोंच्या वेळी ती स्टेजवरून उतरून माझ्यापाशी आली. चार वर्षं ती, मी लग्नाआधी कार्यालयात तालीम करायचो तेव्हा, माझ्याशेजारी बसून बटणं बघायची. कोणतं कशाचं हे तिला माहीत होतं.

"काका, पेटी ठीक होती ना?"

"ठीक होती."

तिने कीबोर्डकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या वडिलांकडे. "मोफत होतं ना आज?"

"हो."

"मग तक्रार तरी कोणाकडे करायची," ती म्हणाली आणि शालू सावरत निघून गेली. ती माझ्या बाजूने बोलली की वडिलांच्या, हे मला आजही सांगता येत नाही.

आठ दिवसांनी आप्पा संध्याकाळी घरी आले. बरोबर आंब्यांचं खोकं, एकही डागी नाही. वर्षाने सरबत दिलं. ते ग्लास धरून बसले. मग हळू म्हणाले, "त्या दिवशी पेटीत काही बिघाड होता का रे?"

हो म्हणायला काही लागलं नसतं. एक शब्द. ते तो शब्द घेऊन गावभर फिरले असते, लोकांनी मानला असता, आप्पा पुढच्या लग्नात पुन्हा छातीवर हात ठेवून उभे राहिले असते. ते दार उघडं होतं, आणि उघडं आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी कीबोर्ड टेबलावर घेतला. "म्हणा," म्हटलं. त्यांनी कडवं म्हटलं. मी काळी चार धरून ठेवली. मग म्हटलं, "आता पुन्हा." या वेळी त्यांच्याबरोबर उतरलो, आणि बटण दाबताना त्यांना बोट दाखवलं. एकदा. दोनदा. आप्पा बोटाकडे बघत गात होते. कडवं संपवलं नाही.

"म्हणजे चार वर्षं..."

"चार वर्षं."

"बोलला नाहीस."

"सांभाळत होतो."

सरबतात बर्फ विरघळून वर पाणी आलं होतं. बाहेर वर्षा कोकमं गोळा करत होती. ग्लास खाली ठेवून आप्पांनी तो प्रश्न विचारला, जो चार वर्षांत त्यांनी मला कधी विचारला नव्हता. "किती घेशील?"

"वाजवायचे साडेसात. ते लग्नघराने मला थेट द्यायचे, पत्रकावर तसं छापायचं. तुमचा सूर सांभाळायचे वेगळे. दोन हजार, दर लग्नाला, तुमच्याकडून. पावती देईन. पावतीवर काम लिहीन."

"लिहायचं कशाला रे? असेच देतो."

"लिहून, आप्पा."

ते उठले. "विचार करतो," म्हणाले. आंबे ठेवून गेले. आम्ही खाल्ले. उत्तम होते.

पत्रक बदललं. त्याला पर्याय नव्हता, कारण दोन यजमानांनी माझंच नाव घेऊन मागणी केली. आता ओळ अशी आहे: संगीत, साडेसात हजार, कलाकारास थेट. या वर्षीचा मजकूर त्यांनी मला तपासायला पाठवला नाही. दुसऱ्या गोष्टीसाठी, दोन हजारांच्या त्या सुरासाठी, आप्पा आले नाहीत, माइकपाशीही नाहीत. ते कशासाठीही घासाघीस करतात. केळीच्या पानांसाठी, गॅसच्या सिलिंडरसाठी, भटजींच्या दक्षिणेसाठी. पण घासाघीस करायची तर वस्तूचं नाव घ्यावं लागतं. दीड हजारात कर, असं म्हणायला आधी काय कर ते म्हणावं लागतं. त्यांच्याकडे पैसे आहेत. तेवढं वाक्य नाही.

वर्षा म्हणते, आता पुरे. साठीचा माणूस आहे, एक बटण दाबायचं तर दाब. मी तिला दिनेशच्या बोटांबद्दल सांगत नाही, तिला माहीत आहे. एवढंच सांगतो की मी अडवलेलं नाही. दर सांगितलेला आहे, तो वाढवलेला नाही, सराई कोणतीही असो तोच आहे. कोणाशीही मी इतका सरळ वागलेलो नाही.

मागच्या गुरुवारी यंदाचं पहिलं लग्न लागलं, त्याच कार्यालयात. सकाळी गारवा होता, लोकांनी अक्षता उबदार मुठीत धरून ठेवल्या होत्या. मुलीच्या काकूने मंगलाष्टक सुरू केलं, तिसऱ्या ओळीत घसरली, मी उतरलो. आप्पा मागे, मुदपाकखान्याच्या दारात उभे होते. पांढरा शर्ट. डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. एक एक अक्षर बरोबर. आवाज येत नव्हता. कडवं संपलं, सगळे सावधान म्हणाले, आप्पांनी डोळे उघडले आणि सरळ माझ्या बटणाजवळच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मी हात वर घेतला, पट्ट्यांवर आणला, काकूला पुढचा स्वर दिला. दर त्यांना माहीत आहे.